बंब पुढच्या सीटवर बसेल

कुंभकोणम्, ९ मे १९९४

तीर्थरूप व्यासराज अण्णांस, धाकटा चुलतभाऊ त्रिविक्रम याचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. आपला रक्तदाब जागेवर आहे असे धरून पुढचे लिहितो.

आजपावेतो या दोन हातांनी मी केलेल्या वस्तू अशा: शेंगा फोडायचे यंत्र (अजून चालते), देवघरातली विजेवर वाजणारी घंटा (थांबेना, म्हणून उतरवली), नारळ खवायची मोटार (खोबरे छतापर्यंत जाते, पण खवते बारीक), आणि आता माझ्या डिझेल अँबेसडरला मद्रासच्या भंगारातून आणून बसवलेला जपानी टर्बो. कॉलेजची पायरी न चढता. आपण पुण्याच्या मोटार कारखान्यात बत्तीस वर्षे इंजिनिअर होतात, आणि मागल्या खेपेस सगळ्यांच्या देखत म्हणालात, "विक्रमा, तुझं यंत्र सुरू होतं, पण पोचत नाही." ते मी केव्हाच विसरलो (१७ जानेवारी १९८८, जेवणानंतर, पान खाताना). येत्या २१ तारखेस आपण तंजावरला उतराल. तिथून घरापर्यंतचे चाळीस किलोमीटर मी आपणास याच गाडीतून, मध्ये बॉनेट न उघडता, आणणार आहे.

अडचण एवढीच की टर्बो इंजिनात हवा कोंबतो, कोंबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होऊन गाडीचा जोर जातो. म्हणून ती वाटेतच निववायला हवी. वाऱ्याने की पाण्याने, इथे मी तीन आठवडे अडकलो आहे. आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रातल्या गोपालकृष्णाकडून थर्मामीटर उसना आणला, कारण अंदाजाने काम करणे माझ्या स्वभावात नाही. आधी वारा. पुढच्या जाळीमागे जुन्या लॉरीतला कूलर बसवला. गाडी पळते तोवर अठ्ठावन्न डिग्री, काय सांगू! मग सुंदरपेरुमाळ कोयिलचे रेल्वे फाटक पडले. गाडी उभी, वारा उभा, सत्त्याण्णव. मी उतरून जाळीवर विंझणवारा घालू लागलो, तर फाटकवाला तमिळमध्ये विचारतो, "काय सार, गाडीला ताप आलाय?" (वारा घातल्याने दोन डिग्री उतरली, हे नमूद करतो.)

मग पाणी. आपल्या न्हाणीतला तांब्याचा बंब आठवत असेल. मधे धुराडे, भोवती पाणी. धुराड्यातून इंजिनाची तापली हवा सोडली की भोवतीचे पाणी तिला निववणार! असा विचार कारखान्यात कोणाला सुचला असता का? बॉनेटखाली जागा नाही, म्हणून बंब पुढच्या सीटवर बसवला आणि सौ. कृष्णवेणीच्या जुन्या नऊवारीने बांधला. फाटकावर उभे असताना चव्वेचाळीस डिग्री! मी गाडीतच टाळी वाजवली. पण तशीच आडुतुरैपर्यंत पळवली तर एक्क्याऐंशी, कारण पाणीच तापले. मागे बसलेल्या कृष्णवेणीने तोटी सोडून बोट लावले आणि म्हणाली, "झालं की तुमचं काम. आता सांडू नका, घरी न्या." पंधरा दिवसांनी त्या दिवशी घरात ऊन पाण्याच्या आंघोळी झाल्या. बंब परत न्हाणीत कधी येणार, हे ती रोज विचारते.

तिनेच मग सुचवले की कापी (पुण्यात म्हणतात ती कॉफी) निववून पाहा. एक पेल्यातून वाटीत उंचावरून ओतून, एक पाण्याच्या परातीत ठेवून. चौदा पेले निववले, आणि टाकायचे कसे म्हणून प्यालो. हात उंच असतो तोवर वारा जिंकतो, हात दुखला की हरतो. पाणी आधी जिंकते, चौथ्या पेल्याला परातच ऊन होते. म्हणजे होतो तिथेच, शिवाय छातीत धडधड. आणि आपल्या वाटेवर तंजावरपासून फाटकापर्यंत पाण्याचे हाल, फाटकावर वाऱ्याचे.

असो. मी आजवर कोणाला विचारलेले नाही, शिकलेल्यांना तर नाहीच. माझे मी पाहून घेईन.

आपला आज्ञांकित,
त्रिविक्रम

ता. क. एका कार्डावर 'वारा' किंवा 'पाणी' एवढा एकच शब्द लिहून उलट टपाली धाडावा. सही नको, कार्डे आधी कृष्णवेणी वाचते.

आणखी एक. 'पाणी' लिहिलेत तर मागे बसावे लागेल. पुढची जागा बंबाची.

आणखी एक. 'दोन्ही नको, टर्बोच काढ' असे मात्र लिहू नये. तिरुभुवनम्‌चे रेशमी पट्टुसाडीवाले सुंदरेश परवा गाडी पाहून गेले. टर्बोसकट एकेचाळीस हजार देतो म्हणाले, आणि टर्बो काढून दिलीत तर बेचाळीस. मी नाही म्हटले. बेचाळीस हजारांना.