गौरीला न दाखवायची खोली

९ जुलै, बुधवार

आहे. ए.डी.एच.डी. आहे. लक्ष टिकत नाही ते मेंदूच्या घडणीमुळे, हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

व्हिडिओ कॉल संपला आणि ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून ढसाढसा रडले. मग भूक लागली म्हणून सँडविच खाल्लं. मग पुन्हा रडले. दुःखाचं नव्हतं ते. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, शाळेत शिक्षक तुमच्याबद्दल काय म्हणायचे? म्हटलं, हुशार आहे पण लक्ष ठिकाणावर नसतं. त्या हसल्या नाहीत, मान हलवली आणि लिहून घेतलं. वेंधळी, बावळट, बेजबाबदार, इतकी वर्षं मी स्वतःला जे जे म्हणत आले त्यातला एकही शब्द त्यांनी वापरला नाही.

दुपारची मीटिंग हुकली. हुकू दे.

१२ जुलै, शनिवार

निखिलला सांगितलं. कांदा चिरत होता. म्हणाला, "म्हणजे आता गोळी घेतलीस की गॅस बंद करायचं विसरणार नाहीस?"

भडकलेच. इतकी वर्षं संसार केलास आणि नवरा म्हणून तुला एवढंच सुचलं? दार आपटून वर गेले. थोड्या वेळाने चहा घेऊन आला. "सॉरी. मला त्या गॅसची खरंच भीती वाटते गं, म्हणून निघालं तोंडातून." मलाही वाटते. मग दोघं हसलो.

जाताना म्हणाला, आईला एवढ्यात सांगू नकोस, ती म्हणेल हे सगळं तिकडचं फॅड. सासूबाईंना काय सांगणार मी, कप्पाळ!

२० जुलै, रविवार

सासूबाईंचा पुण्याहून फोन. पुढच्या महिन्यात येतायत. आणि गौरींचे मुखवटे घेऊन येतायत. "माझे गुडघे आता साथ देत नाहीत गं मानसी. यंदापासून गौरी तुझ्याकडे, इंग्लंडात, रीडिंगला."

"हो आई" म्हणून बसले. एकदा घरात गौरी बसवल्या की दर वर्षी बसवायच्या. योगा क्लाससारखं मध्येच सोडता येत नाही. आणि कोण करणार हे? मी? मागे एकदा त्यांच्याच घरी, गौरी जेवायच्या दिवशी, मी पुरण शिजत ठेवून केळीची पानं आणायला गेले आणि शेजारच्या काकूंशी बोलत बसले. पुरण करपलं. पाहुणे दारात. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, नुसतं पातेलं घासत राहिल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नाही म्हणायला हवं होतं. आता कसं म्हणू?

४ ऑगस्ट, सोमवार

गोळ्या सुरू. तोंड कोरडं पडतं, जेवण जात नाही. पण आज डिशवॉशर रिकामा केला. सगळा! मध्येच पडदे धुवायला काढले नाहीत, की कुणाला फोन लावला नाही. शेवटचा चमचा ड्रॉवरमध्ये टाकला आणि तिथेच उभी राहिले. लोकांना हे रोज असंच जमतं?

मग रागही आला. कॉलेजात असताना कुणी सांगितलं असतं तर… जाऊ दे. आजचा दिवस चांगला आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

हीथ्रोला वेळेत पोचलो. नि.ने मला विमानाची खोटी वेळ सांगितली होती, ओळखलं मी.

सासूबाईंनी मुखवटे हॅन्डबॅगेत, मलमलमध्ये गुंडाळून आणलेत. सिक्युरिटीवाल्या मुलीने बॅग उघडली तर तिला म्हणाल्या, "गॉडेस आहेत, हात नीट लाव." मराठीतच. तिने लावला म्हणे.

घरी आल्या आल्या, "दूध तापवलंस का?" इथलं दूध तापवावं लागत नाही हे दर वेळी सांगते, दर वेळी तापवावं लागतं. ठेवलं. त्यांची बॅग वर न्यायला गेले. उतू. "झालं!" म्हणाल्या आणि फडकं हातात घेतलं. मी मनात स्वतःला जे बोलायचं ते बोलून घेतलं.

गोळ्या व्हिटॅमिनच्या डब्यात लपवल्यात. या वयात!

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती, पुढच्या रविवारी गौरी. घर आवरायला घेतलं. आवरलं म्हणजे काय, सगळं उचललं आणि बॉक्स रूममध्ये कोंबलं. पलंगही मावत नाही अशी ती जिन्याजवळची खोली. तिथे आधीपासून अर्धी गोधडी, दोनदा वाजवलेला कीबोर्ड, कुंभारकामाची वाळून दगड झालेली माती, परत पाठवायची राहिलेली पार्सलं. माझा प्रत्येक उत्साह तिथे आहे. दार ढकलून बंद केलं आणि पुढे धुण्याची बास्केट लावली.

सासूबाईंनी विचारलं, त्या खोलीत काय? म्हटलं, काही नाही, बॉयलर. बॉयलर स्वयंपाकघरात आहे. त्यांनी रोज बघितलाय.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या.

कुंकवाची पावलं काढता येईनात. घर भाड्याचं, खाली क्रीम कार्पेट. पावलांचे स्टिकर आणायचे मी विसरले. सासूबाईंनी बेकिंग पेपरची पावलं कापली, कुंकू लावलं, वाळवली. मी तबकात मुखवटे घेतले. त्या पुढे पावलं ठेवत चालल्या, नि. मागून घंटा वाजवत.

"गौरी आली, कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी."

प्रत्येक खोलीच्या दारात त्या विचारणार, इथे काय आहे? आणि मी सांगायचं. स्वयंपाकघरात म्हटलं, अन्नधान्य. नि.च्या टेबलापाशी म्हटलं, विद्या. तो म्हणाला, वर्क फ्रॉम होम. सासूबाई पण हसल्या. वर गेलो. आमची खोली झाली, त्यांची झाली. मी वळले.

"आणि ही?"

"आई, ती राहू दे."

"अगं, घरात आलेल्या गौरीला एक खोली चुकवून बसवायचं? असं नसतं."

माझे हात तबकात अडकलेले. नि. म्हणाला, "आई, नको ना." तोवर त्यांनी बास्केट सरकवून दार उघडलं. वरून रजई पडली, मग पिशव्या, मग ती गोधडी थेट त्यांच्या पायांवर. त्यांनी ती पायांवरून बाजूला केली. मग त्यांनी सवयीनेच विचारलं, पण हळू आवाजात, "इथे काय आहे?"

म्हटलं, "इथे मी आहे, आई."

आणि तिथेच, तबक धरून, सगळं सांगून टाकलं. तपासणी, गोळ्या, शाळा, करपलेलं पुरण. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तुला आमच्या घराचं काही पडलेलंच नाही. म्हणून विसरतेस."

"पडलं होतं हो आई. फार पडलं होतं."

त्यांनी डोळे पुसले. पावलं संपली होती. गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, आमच्या खोलीतली दोन उचलली आणि बॉक्स रूमच्या दारात, पिशव्या बाजूला सारून ठेवली. "चल, दाखव तिला."

दाखवली. गोधडीसुद्धा.

१ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी काढली होती. पुरण शिजेपर्यंत स्वयंपाकघरातून हलायचं नाही असं ठरवलं होतं, खुर्चीच घेऊन बसले. सासूबाई शेजारी नैवेद्याच्या सोळा भाज्या निवडत. मधेच मी उठले तर म्हणाल्या, "कुठे?" बसले. पुरण छान झालं.

नैवेद्य झाला, आरती झाली, जेवणं झाली. संध्याकाळी फ्रिज उघडला तर कोशिंबीर. वाढायचीच राहिली! माझा चेहरा बघून सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. गौरींना आज कोशिंबीर नको असेल." आणि स्वतः वाटीत घेऊन खाल्ली.

बाथरूममध्ये जाऊन रडले. हल्ली फार रडते, पण नंतर हलकं वाटतं.

१४ सप्टेंबर, रविवार

सासूबाईंना विमानतळावर सोडून आलो. काल मुखवटे मलमलमध्ये बांधताना विचारलं त्यांनी, "नेऊ की ठेवू? खरं सांग. नेले तरी मी रागावणार नाही." पूर्वी लगेच हो म्हणाले असते आणि वर्षभर कुढले असते. म्हटलं, "ठेवा. पण पुढच्या वर्षी मी बसवेन की परत आणून देईन, ते आत्ता मला सांगता येत नाही."

"बरं," म्हणाल्या. "आणि बसवल्यास तर चार भाज्या कर. सोळा कोण खातंय?"

घरी येऊन चहासाठी दूध ठेवलं आणि मुखवटे नीट आहेत ना बघायला वर बॉक्स रूममध्ये गेले. शेल्फवर आहेत, कीबोर्डच्या वर. बघत बसले. खालून वास आला. उतू गेलं होतं, शेगडीभर.

पुसलं. स्वतःला एक शब्दही बोलले नाही. मग पुन्हा दूध ठेवलं.