तरवडाची पांढरी पावडर

५ जानेवारी
संकल्प : यंदा पीएच.डी. संपवायची. संगमनेरच्या बांधाबांधावर तरवडाची झुडपं, फुकटची. पाल्याचा काढा करायचा, त्यात जस्ताचा क्षार घालून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, काढायचे, कॅन्सरच्या पेशी मारायच्या. सोपं आहे.

११ जानेवारी
काढा उतू गेला. पावडर पांढरी हवी, चॉकलेटी आली. गाइड विजयमाला मॅडम म्हणाल्या, पुन्हा करा. रंगाबद्दल त्यांचा जरा पूर्वग्रहच आहे.

२६ जानेवारी, तिसगाव
गोजरमावशीच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. नगरला केमो ठरलीय. बिचारी फार घाबरली होती. धीर द्यायला म्हणालो, मी त्यावरच औषध करतोय. सगळं घर माझ्याकडे बघत राहिलं. बरं वाटलं.

९ फेब्रुवारी
पावडर पांढरी! पुण्याच्या लॅबला पाठवली, पेशींवर चाचणीसाठी. पेपरवाले आले तर कुठला शर्ट घालावा?

१५ फेब्रुवारी
मावशीच्या सुनेचा, सविताचा फोन. मावशी केमोला जायला तयार नाही. म्हणते, "माझा सुनील औषिद करतोय, मी थांबते." म्हटलं, समजाव तिला. सविता म्हणाली, "भाऊजी, तुमचं औषिद, तुमीच समजवा." उद्या नक्की फोन करतो.

१६ फेब्रुवारी
लॅबमध्ये रेंज नव्हती. बाहेर असावी.

२७ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. कॅन्सरच्या पेशी मेल्या! पेढे आणले. मॅडमनी खालची ओळ वाचायला लावली. निरोगी पेशीही मेल्या. जास्तच. म्हणाल्या, बशीतल्या पेशी फिनेलनेही मरतात, सुनील. पेढा मात्र घेतला.

२ मार्च, तिसगाव
फोनवर जमेना, म्हणून गेलो. मावशीला सांगितलं, माझी पावडर अजून उंदरालाही देता येत नाही. "मंग कदी व्हईल?" सांगितलं, बहुतेक होणारच नाही. ती पदराचं टोक चुरगाळत बसली. मग म्हणाली, "आधी सांगायचं न्हाई व्हय रे?"
मी तिची नगरची फाइल शोधून पिशवीत भरली.

४ मार्च, नगर
मावशीला घेऊन आलो. डॉक्टर म्हणाले, गाठ वाढलीय, लवकर यायला हवं होतं. कोणामुळे उशीर झाला, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
सलाइन लावताना मावशी कौतुकाने नर्सला सांगत होती, "ह्यो माझा भाचा. क्यान्सरचं औषिद शोधतोय."
नर्स म्हणाली, बरं झालं. त्यांना उलटी होईल, हा ट्रे धरा.
धरला.