ओढ्यावरचा साकव

चारुशीला,

तू बाजारातून येईपर्यंत थांबता येत नाही, म्हणून लिहून ठेवतोय. वरद सकाळी कयाक घेऊन कुडपणच्या बाजूला गेला, तेव्हा आपण निर्धास्त होतो. ज्या ओढ्यातून तो खाली येणार, तो त्यानं मे महिन्यात चालत पाहिला होता, एकेक खडक मला कागदावर काढून दाखवला होता. पण गावकरी ओढा ओलांडायला ओंडक्यांचा साकव घालतात तो पाऊस लागल्यावर. मे महिन्यात तिथे काहीच नसतं. आत्ता येसाजी दूध घालायला आला, तो म्हणाला, "अवो गुरुजी, साकव कवाच बांधला. वरदला कुणी बोललं नाय?" कुणीच बोललं नाही, मीही नाही. इथे ते सगळ्यांना माहीतच असतं. कालच्या पावसानं पाणी ओंडक्यांना टेकलंय. साकव वळणावर आहे, त्याला लांबून दिसणार नाही, आणि खालून होडी जायला जागा नाही.

येसाजीच्या भावाच्या जीपनं आम्ही निघालोय. कुऱ्हाडी आणि दोर घेतलाय. वरद पोचायच्या आत साकव तोडायचा.

शिकवणीची मुलं आली तर परत पाठवू नकोस. अपूर्णांकांची उदाहरणं फळ्यावर आहेत. विनीत अडला तर भाकरीचे तुकडे करून दाखव, त्याला तसंच कळतं. श्रियालाही त्यांच्यात बसव.

वरद खाली गावच्या पुलापाशी उतरणार, तिथे बाबाला टॉवेल द्यायला जायचं म्हणून ती हट्ट करेल. आज तिला नेऊ नकोस. होडी पुलाखाली रिकामी आली, तर ती सगळ्यांत आधी तिला दिसायला नको.

— अण्णा