चार झरोके

सातपूर, नाशिक
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

चि. रोशनीस,

मोठेबाबांचा सप्रेम जयभीम.

पत्र बघून तुला नवल वाटेल. दर रविवारी अकराच्या सुमाराला आपण फोनवर बोलतोच, मग कागद कशाला, असं म्हणशील. गेले तीन रविवार एक गोष्ट सांगायची म्हणून मी फोन घेतला आणि तिन्ही वेळा तुझं ऑफिस, हैदराबादचं पाणी, तुझी मेस एवढंच विचारून ठेवून दिला. आज फोन बंद करून कपाटात ठेवलाय. काळजी करू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. साखर जरा वाढलीय, ती वाढतच असते.

इकडे थंडी अजून हटत नाही. परवा निफाडला पारा सहावर होता म्हणे. आपल्या गल्लीत लोक सकाळी नऊपर्यंत कानटोपी काढत नाहीत. कोंडाजी पेपरवाला गावाकडे गेला तो आलाच नाही, त्यामुळे पेपरही नाही.

आता आईचं लिहितो. तिचा विषय निघाला की तू "मोठेबाबा, दुसरं बोला" म्हणतेस. कागदावर तुला मला थांबवता येणार नाही, म्हणून लिहितो. तुझ्या आईला न्यूमोनिया झाला होता. आठ दिवस दवाखान्यात होती, गेल्या सोमवारी घरी सोडली. डॉक्टर विचारत होते, घरात इतका गारठा लागला कसा. शेजारच्या तेजलनं सांगितलं, काकू थंडीतसुद्धा दार लावून घेत नाहीत. तू आली नाहीस म्हणून तुला ठाऊक नाही. तुझे बाबा, आपला राजू, गेल्यापासून सुमनबाई घराचं दार पूर्ण लावत नाही. दाराला वीट लावून ठेवते. कुत्री आत येतात, एकदा भांडी गेली, तरी नाही.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर ती मला म्हणाली, "भाऊजी, रोशनी म्हणते ते खरंच आहे. माझ्याच हातानं झालं."

मी तिच्यासाठी मोसंबी सोलत होतो. म्हणालो, "आता पडून राहा, बोलू नका." तेवढंच म्हणालो आणि मोसंबी सोलत राहिलो.

तर आता पहिल्यापासून सांगतो. यातलं अर्धं तुला माहीत आहे. ते अर्धंच माहीत असल्यामुळे जे झालं ते झालं.

दोन वर्षांपूर्वी सायखेड्याच्या विहारासाठी राजूला बुद्धमूर्तीचं काम मिळालं. बसलेली मूर्ती, सहा फूट. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. माघ पौर्णिमेला द्यायची होती. शाडूत मूर्ती घडवायची, मग तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा, ही त्याची पद्धत तू लहानपणापासून बघितलीस. पण त्या डिसेंबरात त्याचा संधिवात उसळला. सकाळी गार मातीत हात घातला की बोटं आखडायची. मी एकदा गेलो तर तो नुसता बसून होता, दोन्ही हात काखेत घालून. मूर्तीचा एक कान झाला होता, दुसरा नव्हता. मला म्हणाला, "दादा, हात ऐकत नाहीत."

मी म्हटलं, हे माझ्यावर सोड.

विजेचा हीटर चालणार नव्हता. त्याच्या कामाच्या शेडला वायर घरातून ओढलेली, दोन हजार वॅटचं काही लावलं की ट्रिप व्हायचं. म्हणून जळणावर चालणारा आणि इकडून तिकडे सरकवता येणारा हीटर शोधायचा ठरलं. तीस वर्षं मी आयटीआयत फिटर ट्रेड शिकवला. यंत्र निवडणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मला वाटायचं. मी वही केली. शेडची लांबी, रुंदी, उंची, पत्रा किती, वीट किती, सगळं लिहिलं. रॉकेल आता मिळत नाही, ते खोडलं. पोल्ट्रीवाले वापरतात तो डिझेलचा ब्लोअर पिंपळगावला जाऊन बघून आलो. त्याचा आवाज फार, आणि काजळी मूर्तीवर बसली असती. कोळशाची शेगडी राजू आधी वापरायचाच, पण धुरानं त्याला खोकला लागायचा. राहिला गॅसचा. मागे सिलेंडर, पुढे जाळीच्या तीन लाल होणाऱ्या पट्ट्या, खाली चाकं.

द्वारका चौकाजवळच्या दुकानात दोन होते. एक मोठा. त्यात खोलीतली हवा कमी झाली की आपोआप विझायची सोय होती. दुसरा त्याहून लहान, साधा. दुकानदार म्हणाला, "सर, बंद जागेत वापरणार असाल तर मोठाच न्या. आणि कुठलाही न्या, वरचे झरोके उघडे पाहिजेत."

मी त्याला समजावलं. हो, मी त्याला समजावलं. म्हटलं, असले सेन्सर चार महिन्यांत बिघडतात, मग दुरुस्तीला माणूस मिळत नाही, साधं यंत्रच टिकतं. आणि माझ्या हिशेबानं त्या शेडला लहान पुरतो. वही उघडून दाखवली. तो हसून म्हणाला, "तुम्ही शिकवणारे, तुम्हाला मी काय सांगणार."

लहान आणला. राजूनं हारबीर घातला, सुमनबाईनं त्याच्यासमोर उदबत्ती लावली. दोन दिवसांत कळलं की तो पुरत नाही. समोर बसलं की गुडघे भाजायचे आणि पाठ गारच. सगळी ऊब पत्र्याखालच्या झरोक्यांतून निघून जायची. माझं गणित चुकलं होतं. मोठा घ्यायला हवा होता. दुकानदार बदलूनही देणार होता, तसं तो आधीच म्हणाला होता.

मी गेलो नाही. परत त्या दुकानात जाऊन त्या माणसासमोर उभं राहायचं माझ्या जिवावर आलं. रोशनी, कारण एवढंच आहे. याहून मोठं कारण मी दोन वर्षं शोधतोय, सापडत नाही.

रविवारी, सात जानेवारीला, सुमनबाई तिच्या भावाकडे निफाडला गेली होती. तू तोवर हैदराबादहून आली नव्हतीस. मी शिडी आणि थर्माकोल घेऊन शेडमध्ये गेलो आणि चारही झरोके आतून बंद केले. मापात कापले, कडेनं चिकटपट्टी मारली. काम नीट केलं. पांढऱ्या भिंतीवर पांढरा थर्माकोल, खालून बघितलं तर कळणारही नाही इतकं नीट. राजू खालून शिडी धरून उभा होता. म्हणाला, "दादा, आणि हवा?"

मी म्हटलं, "दाराखालच्या फटीतून येते तेवढी पुरे."

तो म्हणाला, "तू म्हणतोस तर ठीक."

त्या दिवसापासून शेड उबदार झाली. दुसरा कान झाला. मंगळवारी मी गेलो तेव्हा तो गुणगुणत काम करत होता, बोटं मोकळी चालत होती. मला फार बरं वाटलं. बुधवारी तो म्हणाला, "दादा, डोकं जड होतं रे इथं. संध्याकाळपर्यंत ठणकतं." मी त्याला सांगितलं, प्लास्टरची धूळ असेल, तोंडाला रुमाल बांध.

गुरुवारचं तुला माहीत आहे. तू आदल्याच दिवशी आली होतीस. सकाळी साडेसातला तो शेडमध्ये गेला. सुमनबाईनं चहा दिला आणि निघताना दार ओढून घेतलं, ते तू ओट्यावरून दात घासताना बघितलंस. ती तुला तेव्हाही सांगत होती की त्यानंच सांगितलं, "दार ओढून घे गं, वारा लागतो." तुला ते खरं वाटलं नाही. ते खरंच असणार. तो रोजच दार लावून काम करायचा. दार लावल्यानं तो गेला नसता, झरोके चार होते.

साडेनवाला तिची हाक ऐकून मी धावत आलो. तो मूर्तीच्या मांडीला टेकून बसला होता. गाल इतके गुलाबी होते की क्षणभर मला वाटलं, झोपलाय, आणि चांगला दिसतोय. मी, तू आणि समोरचा नवनाथ, आपण तिघांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. तू आणि आई त्याच्याबरोबर गेलात. तू मला ओरडून म्हणालीस, "मोठेबाबा, तुम्ही मागून या."

मी मागून आलो. अर्ध्या तासानं आलो. त्या अर्ध्या तासात मी काय केलं हे तू कधी विचारलं नाहीस. मी शिडी लावली, चारही थर्माकोल काढले, चिकटपट्टीचे उरलेले तुकडे नखांनी खरवडले, सगळं पोत्यात भरून माझ्या माळ्यावर टाकलं. माझा भाऊ रिक्षात होता आणि मी भिंत साफ करत होतो. तो जिवंत आहे की नाही हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. झरोके उघडे, दार बंद असल्याचं पत्नीचं म्हणणं. खाली पंच म्हणून माझी सही आहे. हीटरच्या विषारी हवेनं आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद झाली. आणि दवाखान्याच्या पायरीवर सगळ्यांसमोर तू आईला म्हणालीस, "तुला दार लावायची काय गरज होती?" मी तुमच्या दोघींच्या मध्ये उभा होतो.

पुण्यानुमोदनाच्या विधीला भन्तेजी आले तेव्हाही तू आईशी बोलली नाहीस. त्यानंतर घरी आलीच नाहीस. मला मात्र दर रविवारी फोन. मागच्या वर्षी तू म्हणालीस, "बाबा गेले, पण तुम्ही आहात." मी म्हणालो, "आहे ना बाळा." ते बोलल्यावर मी बराच वेळ मोरीत पाणी सोडून उभा होतो, बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

काल दुपारी मी सुमनबाईकडे जाऊन सगळं सांगितलं. ती खाटेवर बसून मेथी निवडत होती. मी सांगत होतो आणि ती निवडतच होती. संपल्यावर तिनं विचारलं, "त्यांना माहीत होतं?"

"होतं. शिडी त्यानंच धरली होती."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, तू म्हणतोस तर ठीक."

तिनं निवडलेली मेथी टोपलीत टाकली. मग म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही माझ्या हातचा चहा पीत होता, भाऊजी."

खाली पडलेल्या काड्या मी गोळा करू लागलो. ती म्हणाली, "पोरीला लिहा. मला सांगून आता काय. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं." मी उठलो तरी तिनं मान वर केली नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पत्र टाकायचं राहिलं, कारण काल पोलीस ठाण्यात गेलो होतो. चार पानी जबाब लिहून नेला होता, थर्माकोलचं पोतंही नेलं. तिथल्या साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं. मला पाणी दिलं. म्हणाले, "आजोबा, तुम्ही हे मुद्दाम तर केलं नव्हतं. फाइल बंद झालीय. अर्ज ठेवून जा, वर पाठवतो, बोलावलं तर या." अर्जावर शिक्का मारून एक प्रत मला दिली आणि पोतं परत दिलं. कोणी बोलावेल असं वाटत नाही. रस्त्यावर आलो तर पोतं कुठे टाकावं तेही सुचेना. बसमधून तसाच घेऊन आलो.

सायखेड्याच्या लोकांनी त्या वर्षी दुसरीकडून तयार मूर्ती नेली. आपली शाडूची तशीच आहे. वाळून तडे गेले, एक हात गळून पडला. ती काढून टाकू का असं मी सुमनबाईला मागे विचारलं होतं. ती नाही म्हणाली. आता विचारायचा अधिकार मला नाही.

तुझ्याकडे माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव तुझ्या बाबांवर गेलाय, आणि मग मी ती घेऊन सुखानं जेवायला बसेन. ते नको. एकच कर. शिक्क्याची प्रत सोबत जोडली आहे, ती नीट वाच आणि आईला फोन कर. काय बोलायचं ते सुचलं नाही तर गप्प राहा, पण लाव. ती औषध वेळेवर घेत नाही. तिला सकाळी भूक लागत नाही, औषधाआधीचं खाणं दहाला होतं, म्हणून दहानंतर लाव.

मला लावू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा बरं वाटेल असं काहीतरी बोलेन, आणि तू पुन्हा विश्वास ठेवशील.

मोठेबाबा अशी सही करायला हात उचलत नाही, म्हणून जे कुणी बदलू शकत नाही तेवढंच लिहितो.

तुझ्या बाबांचा थोरला भाऊ,
धम्मपाल