तार ओलांडून आलेले गोऱ्हे

ताक्वारेम्बो,
१२ जानेवारी

चि. निदियास, बाबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. जानेवारीचा ऐन उन्हाळा, पावसाचा पत्ता नाही, पण आम्ही ठणठणीत. तुझ्या प्रयोगासाठी माळ अर्धा वाटून दिला, तेव्हापासून शेजारच्या रुफिनोची करमणूक झाली आहे. माझ्या अर्ध्यात नेहमीसारखी भरपूर गुरं आणि दाढी केल्यासारखं गवत. तुझ्या अर्ध्यात मोजकीच गुरं आणि गवत मात्र वीतभर उंच. रुफिनो रोज मातेचा कडू चहा प्यायला येतो आणि विचारतो, की संशोधकबाईंनी गोऱ्हे पाळलेत की गवत? मी हसतो, पण मनाला लागतं.

अट आठवते ना? मार्चच्या वजनात तुझ्या गुरांच्या अंगावर माझ्या गुरांपेक्षा जास्त मांस चढलेलं दिसलं नाही, तर अख्खा माळ निलगिरी लावणाऱ्या कंपनीला भाड्यानं जाणार. मी शब्दाचा पक्का आहे. वेळेवर जेवत जा.

लोभ आहेच, तो पत्रानं वाढव.

तुझा,
बाबा


मोंतेविदेओ,
२६ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

वजनाच्या दिवशी रुफिनोकाका आणि सगळं गाव समोर होतं, म्हणून गप्प बसले. आता लिहिते.

त्या सकाळी तुमच्या अर्ध्यातले सर्वांत धष्टपुष्ट पाच गोऱ्हे माझ्या अर्ध्यात चरत होते. तार ओलांडून आले असतील, असं तुम्ही म्हणालात. बाबा, एवढ्या अंगाचे गोऱ्हे उड्या मारतात आणि वर फाटकाला तुमच्यासारखी गाठही मारतात?

आधी भयंकर राग आला. माझी सगळी मेहनत मातीत गेली असती. नशीब, वजनाचं यंत्र प्रत्येक गोऱ्ह्याच्या कानातला बिल्ला वाचतं. ते पाचही तुमच्याच बाजूला मोजले गेले, आणि तरी माझा अर्धा जिंकला! उंच गवतानं जमिनीत ओल धरली, म्हणून कोरड्या उन्हाळ्यातही माझ्या गोऱ्ह्यांना चारा पुरला.

अट घालणारे तुम्हीच आणि हरायला धडपडणारेही तुम्हीच. पुन्हा असं करू नका हं. आईस नमस्कार.

माया अशीच असू द्यावी, फक्त फाटकाबाहेर.

तुमची,
निदिया


ताक्वारेम्बो,
४ एप्रिल

चि. निदियास, अनेक आशीर्वाद.

त्या गोऱ्ह्यांचं मला काही ठाऊक नाही. मुकी जनावरं, कुठेही जातात. रुफिनो काल विचारत होता, की वीत म्हणजे नेमकी कुणाच्या हाताची, आणि तू त्याच्या माळावर कधी येशील. मी म्हटलं, आमच्या बाईंना सवड नसते. चांगला चार दिवस ताटकळू दे त्याला.

मी शब्दाचा पक्का. माळ तुझा. कंपनीला आता नकार कळवतो.

तुझा,
बाबा

ता. क. : कळवतो म्हणे! त्या पहाटेचे यांचे शेणानं माखलेले बूट मीच धुतले. आणि कंपनीला नकार यांनी वजनाच्या आधीच कळवला होता, तू हरलीस तरी माळ तुझाच राहावा म्हणून. मी सांगितलं असं म्हणू नकोस. — आई