साधी सूज

प्रिय ताई,

जाडजूड पाकीट हातात पडलं की तू भलतंच काही धरून बसशील, म्हणून आधीच सांगते, अप्पा आहेत. आत्ता गॅलरीतला गळका नळ दुरुस्त करायला एक माणूस आलाय आणि अप्पा खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलेत, पाना कसा धरायचा ते त्याला शिकवतायत. तो बिचारा मान डोलावतोय. मी चष्म्याच्या दुकानातून अर्धा दिवस सुटी काढली आणि ओट्यावरच लिहायला बसले. हाताने लिहायची सवय मोडलीय, अक्षर गोड मानून घे. फोन का नाही केला, असं तू विचारणार. एक तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे तुलाही ठाऊक आहे. दुसरं म्हणजे अप्पांबद्दलचा एकही शब्द मी आता इंटरनेटवरून पाठवणार नाही. त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

हॉस्पिटलच्या जिन्यात आपण दोघी उभ्या होतो ते आठवत असेल. यातून ते बरे होणार नाहीत, एवढं सांगून डॉक्टर निघून गेले होते. मी भिंतीला टेकले आणि तू रडायच्या आधीच कामाला लागलीस. अप्पांना कळता कामा नये, कळलं तर ते हातपाय गाळतील, असं म्हणालीस आणि जिना उतरेपर्यंत ठरवूनही टाकलंस की घशाला सूज आहे म्हणायचं. साधी सूज. लहानपणापासून तू ठरवायचं आणि मी मान हलवायची, तसंच झालं. रिपोर्ट माझ्या दुकानात काचांच्या खोक्यांमागे गेले. डॉक्टरांना तू फोनवरून दम भरलास. मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून तिला सांगितलंच नाही. गोळ्यांच्या डब्यांवरची नावं मी नखाने खरवडून काढली. रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला की तू विचारायचीस, सूज काय म्हणतेय, आणि अप्पा म्हणायचे, उतरतेय हळूहळू. हा शब्द आपण इतका वापरला की एखाद्या सकाळी मलाच वाटायचं, सूजच आहे, जाईल.

आपण माणसांची तोंडं बंद केली ताई, पण भिंतीवरचा तो हिरवे दिवे लुकलुकणारा डबा आपल्या ध्यानातच आला नाही. घरचं इंटरनेट अप्पांच्या नावावर आहे. तू आली होतीस तेव्हा आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन या आजाराबद्दल मिळेल ते वाचत होतीस. मी माझ्या फोनवर वाचायचे, आणि वाचून झालं की सगळं पुसून टाकायचे. पुसलं की गेलं, अशी माझी अक्कल. पण पुसलं ते माझ्या फोनवरचं. कोणत्या घरातून काय पाहिलं जातं ते इंटरनेटची कंपनी तारेच्या दुसऱ्या टोकाला टिपून घेत होती, आणि त्यावरून त्या घरातल्या सगळ्याच पडद्यांना जाहिराती पुरवत होती. तिच्या लेखी आपलं घर म्हणजे एकच गिऱ्हाईक. अप्पा त्यांच्या टॅबवर जुने पंप उघडून दुरुस्त करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत बसतात, तू त्यावरून त्यांची किती थट्टा करायचीस. त्या पंपांच्या मध्येमध्ये आधी घशाच्या गोळ्या आल्या, मग केसांचे टोप, मग भाड्याने मिळणारे हॉस्पिटलचे पलंग. एकदा त्यांनी मला सहज विचारलं की हा पलंग हाताने वरखाली करायचा की विजेवर चालतो. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना असलंच काहीबाही दाखवतात, लक्ष देऊ नका. ते बरं म्हणाले आणि पुन्हा पंप बघू लागले.

ही भानगड उघडकीस आणली ती वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंनी. तुला त्या अजूनही पाढे विचारतील म्हणून तू त्यांना टाळतेस, त्याच. कंपनीने कधीतरी 'आपल्या आवडीनुसार सेवा' अशा गोंडस नावाचा एक लांबलचक मजकूर पाठवला होता. नको असेल त्याने कळवावं, न कळवणाऱ्याचा होकार धरला जाईल, असं त्यात शेवटी बारीक अक्षरात होतं. सगळ्या इमारतीत तो वाचला फक्त बाईंनी. त्याच सुमाराला तळमजल्यावरची सून चोरून नोकरी शोधत होती आणि दुसऱ्या शहरातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती थेट सासूच्या फोनवर येऊन पडल्या. त्या घरात जे झालं ते अख्ख्या जिन्याने ऐकलं. मग बाईंनी सभा घेतली, अर्ज लिहिला, आजूबाजूच्या इमारतीही सामील झाल्या, आणि सह्या गोळा करायला सगळ्यात पुढे कोण, तर आपले अप्पा. घोगऱ्या आवाजात दारोदार जाऊन लोकांना समजावत होते. मला बरंच वाटलं होतं. अप्पा आंदोलन करतायत, असं मी तुला कळवलं तेव्हा तू हसून म्हणालीस, चला, सुजेचा विसर पडेल.

लोकांचा रेटा वाढला तशी कंपनीला जाहीर सुनावणीला यावं लागलं. सार्वजनिक सभागृह गच्च भरलं होतं. मी अप्पांच्या मागच्याच रांगेत बसले होते. कंपनीचा माणूस तरुण होता, नम्र होता, बोलणंही मधाळ. आम्ही कोणाचं नाव बघत नाही, फक्त आवड बघतो, असं त्याने चित्रं दाखवून सांगितलं. मग म्हणाला, यातून कोणाचं काही नुकसान झालं असेल तर त्यांनी जरूर पुढे यावं. तळमजल्यावरची सून सासूच्या शेजारी बसली होती, तिने मान खाली घातली. आणि अप्पा उठले. माइक तोंडाशी नेला तरी आवाज नीट फुटेना, पण लोक इतके गप्प झाले की शब्दन् शब्द ऐकू आला. ते म्हणाले, मी पाणीपुरवठ्यात होतो, जन्मभर या गावाला पाणी सोडलं. त्या पाण्याचा कोणी चहा केला, कोणी रडून तोंड धुतलं. आम्ही कधी नळातून डोकावून बघितलं नाही. मग म्हणाले, मला कॅन्सर आहे. हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही, माझ्या मुलींनीही सांगितलं नाही. यांनी सांगितलं. असं म्हणून त्यांनी त्या तरुणाकडे बोट केलं आणि खाली बसले. मागे वळून माझ्याकडे पाहिलंही नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो तरुण पाणी प्यायला आणि म्हणाला, आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.

मी तेव्हा काय केलं म्हणशील, तर काहीच नाही. त्यांची टोपी पडली होती, ती उचलून झटकली. घरी येताना आम्ही चालतच आलो. वाटेत त्यांनीच सांगितलं की त्या पलंगाच्या जाहिरातीनंतर त्यांना शंका आली, मग त्यांनी स्वतःच शोधून वाचलं, आणि जितकं वाचलं तितक्या जाहिराती वाढल्या. माझ्यावर रागावलेले नव्हते. उलट गोळ्यांचे डबे खरवडून माझं नख दुखावलं होतं ते त्यांना माहीत होतं. एवढंच म्हणाले, थोरलीला यातलं काही सांगू नकोस, तिचा जीव त्या सुजेवर तगून आहे. ताई, रविवारी तुझा फोन यायच्या आधी ते न्हाणीघरात जाऊन मिठाच्या पाण्याने गुळण्या करतात. तुला आवाज स्वच्छ लागावा म्हणून. मग येऊन तुला सांगतात, उतरतेय हळूहळू. मी आत कांदा चिरत उभी असते, म्हणजे डोळ्यांना कारण मिळतं.

सुनावणीचं पुढे काय झालं ते ऐक. ज्यांना नको असेल त्यांचं घर वगळू, असं कंपनीने कबूल केलं. बाईंनी पेढे नाही वाटले, त्या म्हणाल्या, आधी वगळून दाखवा. आणि त्यांचंच खरं ठरलं. ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याने स्वतः फोन करून, स्वतःच्या आवाजात नाव आणि नकार सांगायचा, अशी अट निघाली. फोनच्या पलीकडे माणूस नाही, यंत्र आहे. अप्पांनी नाव सांगितलं की ते गोड आवाजात म्हणतं, क्षमा करा, आपला आवाज समजला नाही, कृपया पुन्हा बोला. त्यांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. शेवटी मी फोन घेतला तर म्हणे ग्राहकाने स्वतः बोलावं. अप्पा हसले. मला मात्र तो डबा उचलून गॅलरीतून खाली फेकावासा वाटला. वायर उपटून टाकू म्हटलं तर ते नको म्हणाले, रविवारी तुझा चेहरा कसा दिसणार. त्यामुळे जाहिराती चालूच आहेत. आता त्या पलंगाच्याही पुढच्या गोष्टींच्या येतात. कसल्या ते मी लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. श्वास अडकू लागलाय म्हणून महिनाअखेरीला त्यांचं ऑपरेशन करायचं ठरलंय. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवतील. श्वास सुटेल, पण आवाज जाईल, आणि तो परत येणार नाही, हे या वेळी डॉक्टरांनी अप्पांच्या तोंडावर सांगितलं, मी सांगायला लावलं. काल त्यांनी मला विचारलं, थोरलीची रजा कधीची आहे. मी म्हटलं, थंडी सरल्यावर. तुला बोलावून घे असं ते म्हणतील, तुला बघायचंय म्हणतील, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, मला तिच्याशी एकदा कडकडून भांडायचंय. माझ्या मरणाचं माझ्याआधी तिने ठरवलंच कसं, ते विचारायचंय. परक्यांच्या सभेत उभं राहून मला ते सांगावं लागलं, कारण घरात बोलायची सोयच ठेवली नव्हती तिने. आणि पाटीवर लिहून काही भांडता येत नाही. ताई, ते खरंच चिडलेत तुझ्यावर, आणि त्या चिडण्यात मला कितीतरी दिवसांनी आपले जुने अप्पा दिसले. तेव्हा रजेचं काय ते बघ, नाहीतर नोकरी सोड, पण महिना संपायच्या आत ये. रडत येऊ नकोस, समजूत घालायला तर मुळीच नको. त्यांना आवाज आहे तोवर भांडायला ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच
बारकी