अख्ख्या जर्मन हिवाळ्याची गासडी

अल-काफ, ट्युनिशिया, जानेवारी, गुरुवारच्या बाजारानंतरचा शनिवार

आदरणीय लझरदादास धाकट्या शाझलीचा सलाम. अल्लाच्या कृपेने आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझी कंबर कशी आहे? वहिनींची खुशाली कळव. तिकडे फ्रान्सात, लियोंमध्ये थंडी फार असेल, गरम कपडे घालतोस ना? (हा प्रश्न मी सहज विचारलेला नाही, पुढे वाच.)

गेल्या उन्हाळ्यात अंगणात टरबूज खाता खाता तू मला देशाची अर्थव्यवस्था समजावलीस. बाबांचं शिंप्याचं दुकान कवटाळून बसू नकोस, आता कपडे शिवून घेतो कोण, युरोप टाकतो आणि आपण घालतो, तेव्हा जुन्या कपड्यांच्या धंद्यात पड, म्हणालास. तू बँकेतला, मी शिंपी, म्हणून ऐकलं. बाबांचं शिलाई मशीन विकलं आणि ट्युनिसच्या हमादीकाकाच्या गोदामातून एक गासडी उचलली. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली ही गासडी विकत घेतल्याशिवाय उघडून बघता येत नाही, हे मात्र तू सांगितलं नव्हतंस. "उघडून बघितलीस तर नशीब कशाला म्हणायचं, बाळा? अव्वल माल आहे, अख्खा जर्मन हिवाळा भरलाय यात," हमादीकाका छातीवर हात ठेवून म्हणाला.

परवा बाजारात पट्ट्या तोडल्या. आई शेजारी होती (बायकांना हाका मारायला तीच लागते, माझ्या आवाजाने गिऱ्हाईक पळतं). आधी निघाले पोहण्याचे कपडे, एकशे दहा नग. बाहेर गारा पडत होत्या! मग बर्फावर घसरायचा एकाच पायाचा बूट, मग कुणाच्या तरी लग्नातले सतरा एकसारखे जांभळे झगे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आईने मात्र "जांभळा रंग अंगाला ऊब देतो गं, घ्या!" असं ओरडत चार झगे खपवलेसुद्धा.

आणि मग, दादा, हाताला तो लागला. हिरवा स्वेटर. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं लांब, बाबांनी ऑलिव्हच्या लाकडातून कोरलेली बटणं, कॉलरच्या आत दृष्ट लागू नये म्हणून निळ्या दोऱ्याचा मासा. तुझाच स्वेटर! आपल्याच मेंढ्यांची लोकर, आईने दोन हिवाळे डोळे फोडून विणलेली, तुझ्याबरोबर लियोंला गेली, तुझ्या गल्लीतल्या जुन्या कपड्यांच्या दानपेटीत पडली, आणि मी ती किलोच्या भावाने परत विकत घेतली! हीच का ती अर्थव्यवस्था? दर शुक्रवारी आई फोनवर विचारते आणि तू बिनदिक्कत सांगतोस, "घातलाय गं, कोटाच्या आत आहे." लाज कशी वाटली नाही रे तुला?

आईची नजर चुकवून मी तो झग्यांखाली दडपला. तिला कळलं तर ती एक शब्दही बोलणार नाही, आणि तेच मला सोसवणार नाही. म्हणून पत्र मिळताच पुढच्या शुक्रवारी तिला सांग की स्वेटर धोब्याकडून चोरीला गेला. जमल्यास थोडा रड. (मी फोनच केला असता, पण फोन आईच्या कमरेला असतो. शेजारचा फौझी उद्या लियोंला निघालाय, त्याच्या हाती हे देतो.)

तुझा अजून न सावरलेला भाऊ,
शाझली

ता. क. तुमच्या गल्लीतल्या पेटीत माल बरा पडतो असं दिसतं. तो पेटीत पडण्याआधीच सरळ माझ्याकडे पाठवता येईल का? शेजाऱ्यांनाही विचार. मधला हमादीकाका टळेल. दुसऱ्या पायाचा बूट दिसला तर तोही टाक.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी झगे उचलून पाहिले, तर स्वेटर गायब! आईने तो परवाच बेकरीवाल्या मबरूकला विकला होता. त्याला म्हणाली, "विणणारीचा हात सोन्याचा आहे, घालणारा करंटा निघाला." आलेल्या पैशांची तिने नवी लोकर आणली आणि आत्ता माझ्यासमोर विणत बसली आहे. कुणासाठी, विचारलं तर म्हणाली, "लझरसाठी. तिकडे थंडी असते." निळा मासाही शिवून तयार आहे. माप मात्र तिने मबरूकचं घेतलंय. म्हणते, फिरून फिरून शेवटी घालणार तोच आहे.